ठेचेचा दगड : जर्मनीत शिकणाऱ्या मराठी मुलामुलींना खुले पत्र

प्रिय मुलामुलींनो,

तुम्ही मला काकू म्हणता, त्या हक्काने हे लिहिते आहे. दर ऑक्टोबरात तुमची नवी तुकडी येते. खोली मिळेपर्यंत कुणाच्या तरी सोफ्यावर मुक्काम, आनमेल्डुंगच्या, म्हणजे पत्ता नोंदवायच्या, अपॉइंटमेंटसाठी रात्री-अपरात्री वेबसाइट उघडून बघणं, बॅगेतून आणलेलं मेतकूट आणि गोडा मसाला पुरवून पुरवून वापरणं, या सगळ्यातून मीही गेले आहे. त्या धावपळीतच तुमच्याकडे एक काम मागते आहे. त्याला पैसे लागत नाहीत आणि जर्मन बेताची असली तरी भागतं.

उद्या घरून स्टेशनला जाताना फोन खिशात ठेवा आणि फुटपाथकडे बघत चला. फरशीत बसवलेला पितळेचा एक चौकोन दिसेल, साधारण दहा सेंटिमीटरचा, तळहाताएवढा. बहुतेक काळवंडलेला असेल. वाकून वाचा. पहिली ओळ असते 'इथे राहत होते' किंवा 'इथे राहत होती'. मग नाव, जन्माचं साल, कधी धरून नेलं, कुठे नेलं, कुठे मारलं. संपलं. याला श्टोल्परश्टाइन म्हणतात, मी घरात ठेचेचा दगड म्हणते. गुंटर डेमनिग या कलाकाराने १९९२ मध्ये कोलोनला पहिला दगड बसवला. १९९६ मध्ये बर्लिनच्या क्रॉइत्सबेर्ग भागात त्याने परवानगी न घेताच काही बसवले. २०२३ च्या मे महिन्यात न्यूर्नबेर्गला एक लाखावा बसला. हिटलरच्या राजवटीने छळलेल्या, मारलेल्या माणसांचे हे दगड. त्यातले बहुतेक ज्यूंचे आहेत, पण सिंती आणि रोमा (ज्यांना लोक जिप्सी म्हणत), अपंग, समलिंगी, हिटलरच्या विरोधात उभे राहिलेले, अशा अनेकांचेही आहेत. अक्षरं यंत्राने छापत नाहीत, एकेक अक्षर हातोडीने पितळेत ठोकतात. माणसं कारखान्यासारखी मारली गेली, तेव्हा निदान नाव तरी हाताने लिहावं, असा त्यामागचा विचार.

आमच्या दारात असे दोन आहेत, मायलेकींचे. पहिली अकरा वर्षं मी त्यांच्यावरून भाजीच्या पिशव्या घेऊन गेले. एकदाही वाकले नाही. माझी मुलगी आठवीत असताना तिच्या इतिहासाच्या बाईंनी वर्गाला सांगितलं, आपापल्या घराजवळचा दगड शोधा आणि त्या माणसाबद्दल मिळेल ते घेऊन या. मुलगी महिनाभर त्यामागे होती. शेवटी एका अर्जाची प्रत घेऊन आली. बर्लिनमधून ज्यूंना छावण्यांकडे जाणाऱ्या गाडीत घालण्याआधी त्यांच्याकडून मालमत्तेचा सोळा पानी छापील अर्ज भरून घेत असत. घरात खुर्च्या किती, पडदे किती, उशांचे अभ्रे किती, चमचे किती. आपल्याकडे जप्ती आली तर बेलिफ येऊन पंचनामा करतो. इथे त्या बाईने आपल्या संसाराचा पंचनामा आपल्याच अक्षरात लिहिला होता आणि खाली सही केली होती. मी पोळ्या लाटत होते. मुलगी ओट्याशी उभी राहून एकेक रकाना वाचून दाखवत होती. मधेच थांबून म्हणाली, "आई, लिहायच्या आधी तिने चमचे मोजले असतील ना गं?"

तिच्या या एका प्रश्नाने मला जे कळलं, ते 'साठ लाख ज्यू मारले' या आकड्याने शाळेपासून आजवर कधी कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी कपाटातून पितांबरीचं पाकीट काढलं, समई-निरांजनं घासायला आईने पाठवलेलं. आम्ही दोघी दारात गुडघे टेकून बसलो. पितळ ते पितळच, दोन मिनिटांत समईसारखं लखलखलं. त्या मायलेकींची नावं मी इथे लिहीत नाही. एका ओळीत उरकण्यासारखी ती नाहीत. घरी आलात की माझी मुलगी दाराशी उभी राहून सगळं सांगेल, तो आता तिचा मान आहे.

म्युनिकमध्ये राहणाऱ्यांनी लगेच कळवलं असेल की आमच्याकडे असे दगड दिसत नाहीत. बरोबर आहे. तिथल्या ज्यू समाजाच्या अध्यक्ष शार्लोटे क्नोब्लोख लहानपणी एका शेतावर लपून वाचल्या. मेलेल्यांची नावं लोकांच्या पायाखाली नकोत, असं त्यांनी ठामपणे सांगितलं. शहरानेही सार्वजनिक जागेत दगडांना परवानगी दिली नाही, २०१८ पासून तिथे भिंतीवर पाट्या आणि खांब लावतात. पुस्तकाला पाय लागला तरी नमस्कार करणाऱ्या आपल्या माणसांना क्नोब्लोख बाईंचं म्हणणं चटकन पटतं. मलाही पटतं. पण मग मला पंढरपूरची नामदेव पायरी आठवते. संतांच्या पायाची धूळ लागावी म्हणून नामदेवांनी महाद्वारातली जागा मागितली, आणि वारकरी मात्र त्या पायरीवर पाय देत नाही, डोकं टेकवतो. जमिनीतलं नाव वाचायचं तर आधी वाकावं लागतं. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. तुमच्या शहरात जे असेल, तिथून सुरुवात करा.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला बसले, तिच्याकडे येते.

क्रॉइत्सबेर्गमध्ये, डोक्यावरून उ-बान (मेट्रो) जाते त्या स्कालिट्झर श्ट्रासेवर ३२ नंबरच्या घरापुढे आउगुस्टे बेंडहाइम आणि त्यांचा मुलगा राल्फ यांचे दगड आहेत. २० जानेवारी १९४३. हे कुटुंब जर्मनीतून पळून जायच्या तयारीत होतं. त्या दिवशी गेस्टापो, म्हणजे हिटलरचे गुप्त पोलीस, आले आणि सतरा वर्षांच्या राल्फला घेऊन गेले. त्याची बहीण मार्गोट, वय एकवीस, घराकडे येत होती. आपल्या दाराशी परका माणूस दिसताच तिने ज्यूंना कोटावर लावावाच लागणारा पिवळा तारा पर्सने झाकला आणि तशीच पुढे वर शेजाऱ्यांकडे गेली. आई मुलापाठोपाठ स्वतः होऊन पोलिसांकडे गेली होती, त्याला एकट्याला जाऊ द्यायचं नाही म्हणून. मुलीसाठी तिने ओळखीच्यांकडे एक पर्स ठेवली होती. तिच्यात अंबरच्या मण्यांची माळ आणि पत्त्यांची एक छोटी वही. आणि तोंडी निरोप : तुझं आयुष्य उभं करायचा प्रयत्न कर.

आई आणि राल्फ ऑश्विट्झच्या छावणीत मारले गेले. मार्गोटने केस लाल रंगवले, नाकाचं ऑपरेशन करून घेतलं, गळ्यात क्रूस घातला आणि पंधरा महिने याच बर्लिनमध्ये लपत राहिली. १९४४ मध्ये पकडली गेली. तेरेझिनच्या छावणीत गेली, तिथे तिला आडोल्फ फ्रिडलेंडर भेटले, सुटका झाल्यावर दोघांनी लग्न केलं, १९४६ मध्ये न्यूयॉर्कला गेले. नवरा गेल्यानंतर, सत्तरी उलटल्यावर, ती आठवणी लिहायच्या एका वर्गाला जाऊ लागली. आणि २०१० मध्ये, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, मार्गोट फ्रिडलेंडर कायमच्या बर्लिनला परत आल्या. ज्या शहराने आई आणि भाऊ नेले, त्याच शहरात. तीच माळ गळ्यात घालून शाळाशाळांत जाऊन बोलू लागल्या. मुलांना सांगत, आम्ही फार काळ साक्षीदार राहू शकणार नाही, ते साक्षीदार तुम्ही व्हा, हे मागायला मी परत आले आहे. द्वेष करा असं कधी म्हणाल्या नाहीत. म्हणायच्या, ख्रिश्चन, मुस्लिम, ज्यू असं रक्त नसतं, असतं ते माणसाचं. माणसं व्हा.

९ मे २०२५ रोजी त्या गेल्या. एकशेतीन वर्षांच्या होत्या. दोनच दिवस आधी बर्लिनच्या रोटेस राटहाउसमध्ये, म्हणजे इथल्या नगरभवनात, त्या बोलल्या होत्या.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये वाचलेल्यांना भरपाई मिळवून देणाऱ्या क्लेम्स कॉन्फरन्स या संस्थेने हिशेब मांडला. या संहारातून वाचलेले सुमारे २ लाख २० हजार ज्यू तेव्हा जगभरात उरले होते आणि पुढच्या दहा वर्षांत त्यातले सत्तर टक्के आपल्यात नसतील, असा तो हिशेब. म्हणजे तुम्ही मास्टर्स करून, नोकरी लागून, लग्न करून, तुमची मुलं शाळेत जायच्या सुमारास, प्रत्यक्ष पाहिलेलं सांगणारं माणूस सापडणं मुश्कील होईल.

तुमच्यापैकी कुणी म्हणेल, काकू, सगळं रेकॉर्ड झालेलं आहे. झालंय खरं. १९९४ पासून शोआ फाउंडेशनने पन्नास हजारांहून अधिक मुलाखती चित्रित करून ठेवल्या आहेत. पण पोथी कपाटात असून भागत नाही, वाचणारा लागतो. 'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' असं आपण म्हणतो. मला ते अर्धंच वाटतं. पुढच्याला ठेच लागली म्हणून मागचा आपोआप शहाणा होत नाही. दगड कुठे आहे हे कुणीतरी मागे वळून सांगावं लागतं.

आणि हे सांगण्याचं काम तुमच्याच वयाची मुलं करताहेत. लंडनच्या लिली एबर्ट हंगेरीतल्या बोन्यहाद गावच्या, ऑश्विट्झमधून वाचलेल्या. आईने दिलेलं सोन्याचं छोटं पदक बुटाच्या टाचेत लपवलेलं होतं. टाच झिजल्यावर रोज मिळणाऱ्या पावाच्या तुकड्यात लपवत. सुटकेच्या वेळी एका अमेरिकन सैनिकाने त्यांना एका जर्मन नोटेवर शुभेच्छा लिहून दिल्या होत्या. २०२० च्या लॉकडाउनमध्ये त्यांचा सोळा वर्षांचा पणतू डोव्ह फोरमन याने त्या नोटेचा फोटो ट्विटरवर टाकला आणि पंच्याहत्तर वर्षांनी त्या सैनिकाचं घर सापडलं. सैनिक हयात नव्हता, त्याच्या मुलांशी बोलणं झालं. मग पणजी-पणतूंनी टिकटॉकवर लोकांच्या साध्या साध्या प्रश्नांना उत्तरं द्यायला सुरुवात केली. छावणीत काय खायचात, हातावरचा नंबर कसला. लाखो मुलांनी ते ऐकलं. लिली आजी २०२४ मध्ये गेल्या, शंभरीच्या होऊन.

इथे जर्मनीत विद्यार्थ्यांच्या एका प्रकल्पातून उभी राहिलेली त्स्वाइटत्सॉयगन ही संस्था आहे. नावाचा अर्थच 'दुसरे साक्षीदार'. तरुण मुलं वाचलेल्या माणसांना भेटतात, त्यांची गोष्ट नीट समजून घेतात आणि मग शाळेत जाऊन दहा वर्षांच्या पोरांनाही पेलेल अशी ती सांगतात. एका वेळी एकाच माणसाची. ऐकून झाल्यावर मुलं त्या आजी-आजोबांना पत्र लिहितात. मी तुमच्याकडे मागते आहे ते हेच, फक्त मराठीत.

मराठीत का, ते तुम्हाला माहीत आहे. "आमचे गणिताचे सर म्हणजे हिटलर" हे वाक्य आपण सगळेच बोललो आहोत, कौतुकानेही बोललो आहोत. पुण्या-मुंबईच्या फुटपाथवर त्याचं आत्मचरित्र अभ्यासाच्या पुस्तकांशेजारी मांडलेलं असतं. कॉलेजात असताना माझ्याही कपाटात होतं. शिस्तीचा माणूस, देश उभा केला, असं मीही म्हणत होते, कारण त्याने काय केलं हे मला एका ओळीत ठाऊक होतं आणि ज्यांच्यावर केलं त्यांच्यातलं एकही नाव ठाऊक नव्हतं. २००६ मध्ये खारघरला त्याच्या नावाचं रेस्टॉरंट निघालं, मुंबईच्या ज्यू समाजाने हरकत घेतल्यावर नाव बदललं. ते चालवणारी माणसं दुष्ट होती असं मी मानत नाही. त्यांना कुणी राल्फची गोष्ट सांगितली नव्हती. इथल्याच एका मंडळाच्या कार्यक्रमात, नाव सांगत नाही, प्रहसनात एकाने हिटलरच्या मिशा लावून हात वर करून सलाम ठोकला. सभागृह हसलं. जर्मनीत तो सलाम गुन्हा आहे, पण मला कायद्याची भीती वाटली नाही. सभागृहाच्या सफाईसाठी थांबलेली जर्मन बाई दारात उभी होती, तिचा चेहरा मी पाहिला.

दर दिवाळीत तुम्ही विचारता, काकू, दाराशी रांगोळीत स्वस्तिक काढू का? आधी शेजाऱ्यांच्या दारातला दगड वाचा, मग चहाला बोलावून त्यांना आपल्या स्वस्तिकाबद्दल सांगा. असं करणाऱ्याला माझ्या पाहण्यात तरी कधी त्रास झाला नाही.

घरचे विचारतील, आपला काय संबंध? त्यांना सकाळी सहाची आकाशवाणी आठवायला सांगा. कार्यक्रम सुरू होण्याआधी वाजणारी ती धून, तंबोऱ्यावर चढत जाणारं व्हायोलिन. ती वॉल्टर कौफमन यांची मानली जाते. बोहेमियातला ज्यू संगीतकार, बर्लिनमध्ये शिकलेला, १९३४ मध्ये मुंबईला आलेला आणि पुढे मुंबई आकाशवाणीवर पाश्चात्त्य संगीत सांभाळणारा. आपल्या आजोबांची सकाळ ज्या सुरांनी उजाडली, ते सूर बांधणारा माणूस मुंबईत होता म्हणून वाचला. आणि कोकणातल्या बेने इस्रायल लोकांना, आपल्या शनिवार तेल्यांना, अलिबागकडच्या गावांत शेकडो वर्षं मराठी बोलत राहताना कधी देवळाच्या वाटेवर लपावं लागलं नाही, हेही सांगा. अभिमान वाटण्यासारखी गोष्ट आहे.

एक सावधगिरी मात्र बाळगा. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला १९४३ ते १९४८ मध्ये पाचेक हजार पोलिश निर्वासित राहिले, ते आपल्याला माहीत असतं. व्हॉट्सअॅपवर त्याची सरसकट 'आपण वाचवलेले ज्यू' अशी गोष्ट फिरते. ते लोक बहुतांशी कॅथलिक होते आणि त्यांना घरातून हाकललं ते सोव्हिएत सत्तेने. त्यांचं दुःख मोठंच आहे, पण ते वेगळं आहे. ही मिसळ करू नका. तुमची एक चूक सापडली की 'बाकीचंही खोटंच' म्हणणारे टपून बसलेले असतात. म्हणून तारीख दोनदा तपासा. फोटो कुठून आला ते बघा. कॉम्प्युटरने बनवलेली, कधी जन्मालाच न आलेल्या माणसांची चित्रं छावणीतले बळी म्हणून फेसबुकवर फिरू लागली, तेव्हा २०२५ मध्ये ऑश्विट्झच्या स्मारक संग्रहालयाला लोकांना सावध करावं लागलं.

सांगताना 'मी' होऊन सांगू नका. एकपात्रीची हौस आपल्याला फार आहे, पण इथे राल्फ होऊन रडून दाखवायचं नाही. 'तो', 'ती', 'त्यांनी' असंच सांगा. कळत नाही तिथे गप्प राहा, रंग भरू नका. मार्गोटची पर्स, तिच्यातली माळ, पत्त्यांची वही, एवढं सांगितलं तरी ऐकणारा गप्प होतो, मी पाहिलं आहे. आणि त्या माणसाचं आधीचं आयुष्यही सांगा, छावणीपासून सुरुवात करू नका. कुणी शिंपी होता, कुणी पियानो शिकवत होतं, कुणी क्लबमधलं पोहणं बंद झालं म्हणून रडणारी पोर होती.

कुणी गाझाचा विषय काढेल. काढू द्या. १९४३ मध्ये मारलेल्या सतरा वर्षांच्या मुलाकडे आजच्या कुठल्याही सरकारचा हिशेब मागता येत नाही, आणि त्याचं नाव घेऊन आज कुणाचं मूल मारलेलं झाकताही येत नाही. मार्गोटबाईंचं रक्ताबद्दलचं वाक्य मी याच वेळी सांगते. त्यावर वाद घालणारं मला अजून कुणी भेटलेलं नाही.

ज्यांना बाहेर पडायला वेळ नाही, त्यांनी आरोल्सन अर्काइव्ह्जचं, म्हणजे नाझींच्या बळींची कागदपत्रं सांभाळणाऱ्या संस्थेचं, 'एव्हरी नेम काउंट्स' बघा. छावण्यांच्या जुन्या कार्डांवरची नावं, जन्मतारखा वाचून संगणकात भरायच्या असतात, घरबसल्या. एका कार्डाला पाच मिनिटं लागतात. तुमची नाशिकची, साताऱ्याची चुलत भावंडंही तिकडे बसून करू शकतील. ब्रँडनबुर्ग गेटजवळच्या, मारल्या गेलेल्या ज्यूंच्या २,७११ चौथऱ्यांच्या स्मारकावर उड्या मारत रील करण्याआधी अशी दहा कार्डं भरा, मग रील करावंसं वाटलं तर बघा.

मंडळाच्या कार्यकारिणीलाही यातच विनंती करते. गणेशोत्सवात दहा मिनिटं द्या. एक मुलगा किंवा मुलगी उभी राहील, आपल्या रस्त्यातल्या एका माणसाची गोष्ट मराठीत सांगेल. पडद्यावर फोटो नको, पार्श्वसंगीत नको. टिळकांनी उत्सव चौकात आणला तो लोकांनी एकत्र बसून ऐकावं म्हणूनच ना?

९ नोव्हेंबरला, १९३८ च्या त्या रात्रीच्या आठवणीला, इथे गावोगावी लोक हे दगड घासतात. त्या रात्री देशभर सिनेगॉग जाळले होते. आम्ही सकाळी दहाला स्कालिट्झर श्ट्रासे ३२ च्या दारात असू. पाऊस असेल, छत्री आणा. मऊ स्पंज आणि जुना सुती कपडा लागेल, तारेची घासणी आणू नका, अक्षरांवर चरे पडतात. पितांबरी मी आणते. आधी राल्फचा दगड घेऊ. यंदा त्याच्याबद्दल कोण सांगणार, ते मला आठवडाभर आधी कळवा.

तुमची,
बर्लिनची काकू